पुढची गाडी कुठे आहे?

ठाणे ते कल्याण या सुमारे २० किलोमीटरच्या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाला एक घोषणा पाठ असते : सिग्नल यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे गाड्या उशिराने धावत आहेत. पावसाळ्यात तर ती रोजचीच होते. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कुठेही फलाटावर उभे असलो तरी लांबवर लाल दिवा दिसतो, त्याच्यामागे एक लोकल थांबलेली असते आणि तिच्यामागे आणखी एक. अशा वेळी एखादा विद्यार्थी विचारतो, ‘सर, पाऊस पडला की सिग्नल का बिघडतो?’ ‘पाणी शिरते’ एवढे उत्तर देऊन आपण पुढे जातो.

प्रश्न मात्र चांगला आहे. त्याचे खरे उत्तर शोधायला गेलो तर एक गंमत लक्षात येते. त्या लाल दिव्यांपैकी पुष्कळ वेळा सिग्नल बिघडलेला नसतोच. ‘मला खात्री नाही’ एवढेच तो सांगत असतो, आणि खात्री नसताना लाल होणे हेच त्याचे काम असते. ही एक गोष्ट नीट समजली की दीडशे वर्षांपूर्वीच्या सिग्नलपासून आजच्या भुयारी मेट्रोतल्या संगणकापर्यंतचा सगळा प्रवास एका सूत्रात ओवता येतो.

वेळेचे अंतर की जागेचे?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, रेल्वे कल्याणला पोचली. त्या काळात गाड्या मोजक्याच होत्या. एक गाडी सोडली की ठरावीक वेळ थांबायचे आणि मग दुसरी सोडायची, अशी पद्धत रेल्वेच्या बाल्यावस्थेत अनेक देशांत होती. हे झाले वेळेचे अंतर.

या पद्धतीतला धोका उघड आहे. पहिली गाडी पुढे जाऊन मध्येच बंद पडली तर दुसरीला ते कळत नाही. घड्याळ सांगते की पुरेसा वेळ झाला, पण मार्ग मोकळा आहे की नाही हे घड्याळाला माहीत नसते. रस्त्यावरची बस समोर काही दिसल्यावर ब्रेक लावून थांबू शकते. रेल्वेचे तसे नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते, घर्षण कमी असते, म्हणूनच एवढे वजन थोड्या शक्तीने ओढता येते. परंतु त्याच कारणाने गाडी लवकर थांबत नाही. ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर वेगाने जाणारी लोकल दर सेकंदाला ०.८ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करते असे धरले, तर थांबायला तिला जवळजवळ अर्धा किलोमीटर लागतो. बोगद्यात, वळणावर किंवा धुक्यात मोटरमनला अर्धा किलोमीटर पुढचे दिसतच नाही. तेव्हा डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

म्हणून वेळेऐवजी जागेचे अंतर ठेवण्याची पद्धत आली. मार्गाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी असू द्यायची. या तुकड्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. नियम साधा आहे, पण तो पाळायचा तर एका प्रश्नाचे उत्तर सतत मिळत राहिले पाहिजे : पुढचा तुकडा रिकामा आहे का?

सुरुवातीला हे उत्तर माणसे तारयंत्राने एकमेकांना कळवीत. गाड्या वाढल्या तसे माणसांना ते झेपेना. मग हे काम खुद्द रुळांवर सोपवण्यात आले.

रुळांवर सोपवलेली चौकशी

या युक्तीचे नाव ‘ट्रॅक सर्किट’. दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजावी इतकी ती सोपी आहे.

मार्गाचा एक तुकडा घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना रुळांमध्ये विद्युतरोधक सांधे बसवून तो शेजारच्या तुकड्यांपासून वेगळा करा. एका टोकाला दोन रुळांमध्ये कमी दाबाचा विद्युतस्रोत जोडा. दुसऱ्या टोकाला दोन रुळांमध्ये एक रिले जोडा. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारी कळ. आता प्रवाह एका रुळातून जातो, रिलेतून वळतो आणि दुसऱ्या रुळातून परत येतो. रिलेचा चुंबक आपली पट्टी वर ओढून धरतो. पट्टी वर असेल तरच सिग्नलला हिरवा दिवा दाखवता येतो.

या तुकड्यात गाडी शिरली की तिची पोलादी चाके आणि त्यांना जोडणारा आस यांनी दोन्ही रूळ आपसात जोडले जातात. प्रवाहाला सोपी वाट मिळते. तो रिलेपर्यंत न जाता आसातूनच परत फिरतो. चुंबकाचा जोर जातो, पट्टी स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि सिग्नल लाल होतो. कुणी कळ दाबलेली नाही की निरोप धाडलेला नाही. गाडीने आपल्या तिथे असण्यानेच मागच्या गाडीला थांबवले.

आता यातली खरी खुबी पाहा. समजा वीज गेली, तर पट्टी पडते आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली तरी लाल. रूळच तुटला तरी मंडल खंडित होऊन बहुतेक वेळा लाल. म्हणजे या यंत्रणेतले बहुतेक बिघाड सुरक्षित बाजूला झुकतात. हिरवा दाखवायचा तर सतत प्रवाह हवा, प्रयत्न हवा. लाल मात्र आपोआप होतो.

ही कल्पना एकदम सुचलेली नाही. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० च्या सुमारास आधी उघड्या मंडलाची रचना करून पाहिली. त्यात गाडी आल्यावर मंडल पूर्ण होई आणि धोक्याची खूण मिळे. वरवर पाहता तेही ठीक वाटते. पण तार तुटली तर गाडी येऊनही खूण मिळणार नाही आणि शांतता म्हणजे सुरक्षितता असा गैरसमज होईल. तो दोष ओळखून त्यांनी १८७२ मध्ये बंद मंडलाच्या रचनेचे पेटंट घेतले. दोन्ही रचनांतले सामान जवळजवळ तेच आहे, बदलला तो शांततेचा अर्थ. पहिल्या रचनेत ‘काही कळले नाही’ म्हणजे ‘सर्व ठीक’ होते, दुसरीत ‘काही कळले नाही’ म्हणजे ‘धोका’.

भारतात आपोआप चालणारे रंगीत दिव्यांचे सिग्नल पहिल्यांदा आले ते मुंबईतच. १९२८ मध्ये जीआयपी रेल्वेने ते व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या भागात बसवले.

पावसाळ्यातला लाल दिवा

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. दोन रुळांमध्ये खडी आणि स्लीपर असतात. कोरड्या हवेत खडीचा विद्युतरोध पुरेसा असतो, त्यामुळे प्रवाह रुळांतूनच जातो. पावसात खडी भिजते. त्यात चिखल, धूळ, कचरा आणि क्षार मिसळतात. रूळ पाण्याखाली गेले तर विचारायलाच नको. एका रुळातून दुसऱ्या रुळाकडे ठिकठिकाणी प्रवाहाची गळती सुरू होते. एकेक गळती लहान असते, पण शेकडो मीटर लांबीत त्या सगळ्यांची बेरीज होते. रिलेपर्यंत पोचणारा प्रवाह इतका कमी होतो की पट्टी पडते.

रिलेच्या दृष्टीने गाडीचा आस आणि चिखलाचे पाणी यांत फरक नाही. प्रवाह आला नाही एवढेच त्याला कळते. तो लाल दाखवतो. रुळावर गाडी नसते, तरीही मागची गाडी थांबते. आपला खोळंबा होतो हे खरे, पण उलट घडले असते तर? गाडी असताना हिरवा मिळाला असता तर? हा खोळंबा म्हणजे सुरक्षिततेच्या तत्त्वाची आपण भरलेली किंमत आहे. अर्थात ती किंमत कमी करता येते. गटारे साफ ठेवणे, खडी चाळणे, रूळ उचलून घेणे हे त्याचे उपाय. दुसरा उपाय म्हणजे ‘ॲक्सल काउंटर’. तुकड्याच्या दोन्ही टोकांना बसवलेली ही उपकरणे आत गेलेले आणि बाहेर आलेले आस मोजतात. दोन्ही आकडे जुळले तरच तुकडा रिकामा. ओल्या खडीचा या मोजणीवर परिणाम होत नाही. आकडे जुळले नाहीत तर मात्र इथेही उत्तर तेच : लाल.

एकाच रुळात दोन प्रवाह

जाणकार विद्यार्थी इथे अडवील. लोकलच्या डोक्यावरच्या तारेतून वीज येते आणि मोटारी चालवून ती रुळांतूनच परत जाते, असे आपण शिकवतो. मग त्या मोठ्या प्रवाहात सिग्नलचा लहानसा प्रवाह ओळखायचा कसा?

उत्तर असे की दोघांची जात वेगळी ठेवायची. मुंबईच्या लोकल पूर्वी १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत. त्या काळात ट्रॅक सर्किटसाठी प्रत्यावर्ती प्रवाह वापरीत. पुढे गाड्यांसाठी २५,००० व्होल्टचा, सेकंदाला ५० आवर्तने करणारा प्रत्यावर्ती प्रवाह आणायचे ठरले. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर हे काम टप्प्याटप्प्याने होऊन २०१५ मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाले. या बदलात वरच्या तारा आणि गाड्या बदलल्या हे सर्वांना दिसले. रुळांतला बदल कुणाला दिसला नाही. आता गाडीचाच परतीचा प्रवाह प्रत्यावर्ती झाल्यामुळे ट्रॅक सर्किटला एकदिश प्रवाह तरी वापरावा लागतो, नाहीतर खूप जास्त वारंवारतेचा प्रवाह. तसे केले नाही तर गाडीचा प्रवाह रिलेला फसवून पट्टी वर धरून ठेवू शकेल आणि तुकड्यात गाडी असूनही हिरवा मिळेल.

चार खुणांची भाषा

पुढचा तुकडा रिकामा आहे एवढे कळणे पुरेसे नाही. थांबायला अर्धा किलोमीटर लागत असेल तर लाल दिवा समोर येण्याआधी सूचना मिळाली पाहिजे. म्हणून आपल्या उपनगरी मार्गावर चार खुणा असतात. लाल म्हणजे थांबा. एक पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल आहे, थांबायच्या तयारीने या. दोन पिवळे म्हणजे पुढच्या सिग्नलवर सावधगिरीची खूण आहे. हिरवा म्हणजे पुढे निर्वेध जा. गाडी पुढे सरकते तशी ही माळ तिच्यामागून आपोआप सरकते : तिच्या पाठीशी लाल, त्यामागे एक पिवळा, मग दोन पिवळे, मग हिरवा. शिवाय लाल सिग्नलच्या पलीकडे १२० मीटरचा पट्टा राखीव ठेवतात. कुणी थोडे पुढे घसरलेच तर टक्कर होऊ नये यासाठी.

फलाटावरून बारकाईने पाहिले तर काही सिग्नलच्या खांबांवर पांढरी गोल चकती आणि तिच्यावर काळे इंग्रजी ‘ए’ अक्षर दिसेल. तो पूर्ण स्वयंचलित सिग्नल. तिथे कुणी माणूस कळ दाबत नाही. सर्वसाधारण नियमानुसार असा सिग्नल लाल असेल तर मोटरमनने दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबावे आणि मग अगदी मंद गतीने, समोर पाहत पुढे जावे. म्हणूनच पावसात लोकल थांबते, पुन्हा सरपटते, पुन्हा थांबते.

कल्याणसारख्या जंक्शनवर मात्र सिग्नल केवळ रुळांवर सोडून चालत नाही. तिथे एक मार्ग कसाऱ्याला आणि एक कर्जतला फुटतो. ठाण्याहून वाशीकडे, दिव्याहून वसई आणि पनवेलकडे गाड्या वळतात. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे सांधे आणि सिग्नल यांची एकमेकांशी बांधणी करावी लागते. सांधा नीट बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही आणि सिग्नल दिल्यावर सांधा हलत नाही. दोन परस्परविरोधी मार्ग एकाच वेळी देताच येत नाहीत. याला ‘इंटरलॉकिंग’ म्हणतात. हे काम पूर्वी लोखंडी दांड्या करीत, मग रिले करू लागले आणि आता संगणक करतात.

उरला प्रश्न माणसाचा. लाल दिवा दाखवला, पण मोटरमनने पाहिलाच नाही तर? मुंबईच्या लोकलमध्ये यासाठी ‘ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीम’ ही साहाय्यक यंत्रणा आहे. सिग्नलजवळ रुळांमध्ये बसवलेले चुंबकीय उपकरण सिग्नलचा रंग गाडीला कळवते. पिवळा असेल तर मोटरमनच्या कक्षात आवाज होतो आणि त्याने बटण दाबून पोच द्यावी लागते. लाल ओलांडला तर ब्रेक आपोआप लागतो. गाडी माणूसच चालवतो, पण त्याची चूक झाली तर यंत्र आडवे येते. स्वयंचलनाची ही पहिली पायरी.

तीन मिनिटांचा हिशेब

आता सर्वांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. एवढी गर्दी असताना गाड्या आणखी का सोडत नाहीत? याचे उत्तर गणिताने काढता येते. समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ.

समजा सिग्नल ४०० मीटरवर आहेत, बारा डब्यांची लोकल सुमारे २६० मीटर लांब आहे आणि वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर आहे. मागच्या गाडीला सतत हिरवा मिळायचा तर तिच्यापुढे तीन तुकडे रिकामे हवेत : १,२०० मीटर. त्यात राखीव १२० मीटर, पुढच्या गाडीची लांबी २६० मीटर आणि सिग्नल दुरून दिसण्यासाठी २०० मीटर मिळवा. बेरीज होते १,७८० मीटर. हे अंतर कापायला १०७ सेकंद लागतात. याशिवाय गाडी स्थानकात ३० सेकंद थांबते आणि वेग कमी करण्यात व पुन्हा घेण्यात साधारण २७ सेकंद वाया जातात. एकूण १६४ सेकंद. थोडी सवड ठेवली की झाली तीन मिनिटे! ताशी २० गाड्या.

या बेरजेत सर्वांत मोठा वाटा रिकाम्या तुकड्यांचा आहे. वास्तविक ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी १७५ मीटरमध्ये थांबू शकते. मग १,२०० मीटर रिकामे का ठेवायचे? कारण ट्रॅक सर्किट फार ढोबळ उत्तर देते. ‘गाडी या तुकड्यात आहे’ एवढेच ते सांगते. तुकड्याच्या सुरुवातीला आहे की शेवटी, हे ते सांगू शकत नाही. आपले ज्ञान ढोबळ, म्हणून राखायचे अंतरही मोठे. गाडी कुठे आहे हे जितके अचूक कळेल तितक्या गाड्या जवळ आणता येतील.

जमिनीखालची गाडी

नेमके हेच भुयारी रेल्वेने केले. जमिनीखाली दृष्टी पोचत नाही, उपग्रहाचे संकेत येत नाहीत, नवीन मार्गिका टाकायला जागा नसते आणि दोन स्थानकांमध्ये गाडी अडकली तर प्रवाशांना बाहेर काढणे अवघड असते. म्हणून स्वयंचलनाची गरज तिथे आधी भासली. लंडनची व्हिक्टोरिया लाइन १९६८ मध्ये सुरू झाली तीच स्वयंचलित गाड्यांसह. चालक दारे बंद करून सुरू करण्याची बटणे दाबी आणि पुढच्या स्थानकापर्यंतचा वेग व ब्रेक यंत्र सांभाळी.

आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे मुंबईची मेट्रो ३. आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या २७ स्थानकांपैकी २६ भुयारी आहेत. इथली सिग्नल यंत्रणा रेडिओ-संपर्कावर चालते. गाडी स्वतःच आपले ठिकाण ओळखते आणि सतत नियंत्रण केंद्राला कळवते. केंद्र मागच्या गाडीला सांगते की तू अमुक बिंदूपर्यंत येऊ शकतेस. पुढची गाडी सरकली की तो बिंदूही सरकतो. म्हणजे मार्गाचे तुकडे जागेवर खिळलेले राहत नाहीत. प्रत्येक गाडी आपला तुकडा बरोबर घेऊन धावते. याला ‘सरकता ब्लॉक’ म्हणू.

गाडी आपले ठिकाण कसे ओळखते? चाकाचे फेरे मोजून. पण इथे एक अडचण आहे. ८५ सेंटीमीटर व्यासाचे चाक झिजून ८४ सेंटीमीटरचे झाले आणि संगणकाला ते ठाऊक नसेल, तर दर किलोमीटरला सुमारे १२ मीटरची चूक होईल. चाक घसरले तर आणखी चूक. म्हणून रुळांमध्ये ठरावीक ठिकाणी खुणेच्या पट्ट्या बसवतात. त्यांच्यावरून जाताना गाडी आपला हिशेब दुरुस्त करते. दोन पट्ट्यांच्या मध्ये जी काही शंका उरते ती संगणक गाडीच्या लांबीत मिळवतो. गाडीचे तोंड जास्तीत जास्त पुढे असेल आणि शेपूट जास्तीत जास्त मागे असेल असे तो धरतो. शंका वाढली की कागदावरची गाडी लांब होते. रेडिओचा निरोप काही सेकंद आला नाही तर गाडी आपणहून ब्रेक लावते. रॉबिन्सन यांचेच तत्त्व, नव्या वेषात.

आता मघाचा हिशेब पुन्हा करू. थांबायला १७५ मीटर, सुरक्षेसाठी १०० मीटर, गाडीची लांबी २६०, निरोप पोचून ब्रेक लागेपर्यंतच्या पाच सेकंदांचे ८३ मीटर. एकूण सुमारे ६२० मीटर, म्हणजे ३७ सेकंद. स्थानकाचे तेच ५७ सेकंद मिळवले की ९४ होतात. सवड ठेवूनही दोन मिनिटांत गाडी सोडता येते. ताशी २० च्या ३० गाड्या!

मेट्रोत आणखी एक गोष्ट जुळून येते. गाडी नेमक्या जागी थांबत असल्यामुळे फलाटाच्या कडेला काचेची दारे बसवता येतात. गाडीची दारे आणि फलाटाची दारे समोरासमोर येतात. चालकाशिवाय धावण्याची पायरी यानंतरची. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली पहिली चालकविरहित सेवा सुरू झाली.

खात्रीच चुकते तेव्हा

इथे एक इशारा द्यायला हवा. बहुतेक बिघाड सुरक्षित बाजूला झुकतात, सगळे नव्हेत. रुळांवर गंज किंवा घाण साचली तर आस आणि रूळ यांचा विद्युतसंपर्क नीट होत नाही. मग गाडी असूनही ट्रॅक सर्किटला ती दिसत नाही. २२ जून २००९ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनच्या मेट्रोत ट्रॅक सर्किटमधल्या दोषामुळे थांबलेली गाडी यंत्रणेला दिसलीच नाही. आपोआप चालणारी मागची गाडी तिच्यावर आदळली आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर कित्येक वर्षे तिथल्या गाड्या माणसांनीच चालवल्या. आपल्याकडे २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ २९० हून अधिक माणसे दगावली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या जोडण्यांमधल्या चुका पुढे आल्या. यंत्राचे तत्त्व कितीही चांगले असले तरी ते बसवणारे, तपासणारे आणि दुरुस्त करणारे हात माणसांचेच असतात. तपासणीचा कंटाळा हा कुठल्याही संगणकाने न ओळखलेला बिघाड आहे.

वर्गात करून पाहा

जाड पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाच्या दोन लांब पट्ट्या पाच सेंटीमीटर अंतरावर चिकटवा. हे झाले रूळ. एका टोकाला दीड व्होल्टचे दोन घट एकसरीत जोडा, पण त्यांच्याबरोबर ४७० ओहमचा रोध अवश्य ठेवा. दुसऱ्या टोकाला पट्ट्यांमध्ये लाल रंगाचा लहान एलईडी जोडा. तो पेटला नाही तर त्याची टोके उलट करा. इथे दिवा पेटणे म्हणजे ‘मार्ग मोकळा’, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगा.

आता पट्ट्यांवर लोखंडी सळईचा तुकडा आडवा ठेवा. दिवा विझेल. सळई ही आपली गाडी. ती उचला आणि एक तार काढा. दिवा पुन्हा विझेल. आता तार जोडून, मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापडाचा रुंद तुकडा पट्ट्यांवर आडवा पसरा. दिवा मंद होईल किंवा विझेल. हा आपला पावसाळा. शेवटी सळईला कागद गुंडाळून ठेवा. दिवा पेटलेलाच राहील! हा गंजलेला रूळ. चारही प्रसंगांत ‘यंत्रणेला काय वाटले आणि खरे काय होते’ असा तक्ता विद्यार्थ्यांकडून भरून घ्या. चार ओळींपैकी कुठली ओळ सर्वांत धोक्याची, ते त्यांनाच ठरवू द्या.

अकरावी-बारावीसाठी आणखी एक प्रश्न. गाडीची लांबी व सुरक्षा मिळून ३६० मीटर आणि वेग कमी होण्याचा दर ०.८ घेतला, तर दोन धावत्या गाड्यांमधला वेळ ३६० भागिले वेग, अधिक वेग भागिले १.६ एवढा येतो. वेग सेकंदाला ८ मीटर असताना तो ५० सेकंद, २४ मीटर असताना ३० सेकंद, तर ३६ मीटर असताना ३२.५ सेकंद येतो. वेग वाढवत गेले की गाड्या नेहमीच जवळ येतात असे नाही. असे का, हे त्यांना अवकलनाने दाखवता येईल.

फलाटावरूनही अभ्यास करता येतो. गर्दीच्या वेळी डोंबिवलीसारख्या स्थानकात तासभर प्रत्येक लोकलच्या आगमनाची व सुटण्याची वेळ सेकंदांसह टिपावी. फलाटाच्या कडेपासून लांब उभे राहावे आणि रुळांकडे कुणी जाऊ नये, हे पुन्हा पुन्हा बजावावे.

उरलेले सेकंद

अशी नोंद केली की एक गोष्ट दिसेल. गर्दीत गाडी ३० सेकंदांत सुटत नाही. ९४ सेकंदांच्या हिशेबातले स्थानकाचे सेकंद कुठल्याही रेडिओने कमी होत नाहीत. माणसे चढायला-उतरायला जो वेळ घेतात तो घेतातच. म्हणून केवळ सिग्नल बदलून प्रश्न सुटेल असे मानू नये. मार्गिका, फलाटांची रुंदी, जिने आणि गाड्यांची दारे यांचाही तितकाच विचार हवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवी व सहावी मार्गिका सुरू होऊन लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलपासून वेगळ्या करता आल्या, ते अशा प्रयत्नांपैकीच एक.

तरीही ते सेकंद महत्त्वाचे आहेत. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्य्राजवळच्या वळणावर विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील किमान चार दगावले. त्या दिवशी सिग्नल चुकला नव्हता. माणसे दाराबाहेर होती, कारण आत जागा नव्हती. एका गाडीत तीन हजार माणसे धरली, तर ताशी २० ऐवजी ३० गाड्या म्हणजे तासाला आणखी तीस हजार माणसांना जागा. उपनगरी मार्गांवर रेडिओ-संपर्काची सिग्नल यंत्रणा आणण्याचा प्रस्ताव २०१९ मध्ये मंजूर झाला. पुढे ‘कवच’ या भारतीय यंत्रणेच्या सुधारित रूपाने दोन गाड्यांमधले १८० सेकंद कमी करण्याचा मनोदय रेल्वेने जाहीर केला आहे.

आपल्या वर्गातली कितीतरी मुले उद्या याच मार्गाने कामाला जातील. त्यांतले काही जण कदाचित हेच सिग्नल बसवतील, तपासतील. लाल दिव्यापाशी गाडी थांबली की चिडण्याआधी त्यांना एवढे तरी सुचावे : पुढची गाडी कुठे आहे, हे यंत्राला या क्षणी ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना ते ‘ठाऊक आहे’ असे म्हणत नाही.